सेलमचा ऑक्टोबर आणि 1692 ची ती माणसं

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार आला की बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून सेलमला जाणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा. डब्यात काळ्या टोकदार टोप्या, झाडू, रंगवलेले चेहरे, झोपाळलेली मुलं. तमिळनाडूतलं नव्हे, मॅसॅच्युसेट्समधलं हे समुद्रकाठचं सेलम. वस्ती पंचेचाळीस हजारांच्या आसपास, आणि अलीकडे एकट्या ऑक्टोबरमध्ये दहा लाखांहून जास्त माणसं इथे येऊन जातात. 31 ऑक्टोबरचा भुताखेतांच्या सोंगांचा सण हॅलोविन आणि सेलम ही जोडी इतकी पक्की झाली आहे की 1692 मध्ये इथे चेटूक केल्याच्या आरोपावरून चाललेले ते खटले हॅलोविनच्याच सुमारास झाले असणार, असं पुष्कळांना वाटतं.

तसं काहीही नव्हतं. हे खटले चालवणारे प्युरिटन, म्हणजे कडव्या ख्रिस्ती पंथाचे लोक, हॅलोविन पाळत नसत. नाताळसुद्धा त्यांना चालत नव्हता. 1659 ते 1681 या काळात तिथे नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. हॅलोविन अमेरिकेत रुजला एकोणिसाव्या शतकात, आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर. सेलममधल्या फाशी झाल्या जून ते सप्टेंबर 1692 मध्ये. ऑक्टोबरअखेरीशी या प्रकरणाचं एक नातं मात्र खरोखर आहे, आणि ते सणाच्या गर्दीत कुणाच्या लक्षात येत नाही याचं मला वाईट वाटतं. 29 ऑक्टोबर 1692 रोजी, म्हणजे त्या काळच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे, गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी हे खटले चालवणारं न्यायालय बंद केलं. याच दिवसांत तो छळ थांबायला लागला.

सुरुवात सेलम शहरात झालीच नव्हती. शहरापासून काही मैल आत सेलम व्हिलेज नावाची शेतकऱ्यांची वस्ती होती. तिथले पाद्री सॅम्युअल पॅरिस आणि गावकरी यांचं पटत नव्हतं. पगार आणि सरपण यांवरून वाद पेटला होता. त्यात उत्तरेच्या सरहद्दीवर फ्रेंच आणि तिथल्या मूळ रहिवाशांशी लढाई सुरू होती आणि घरंदारं जळालेली माणसं आश्रयाला येत होती. मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीची जुनी राजसनद 1684 मध्ये रद्द झालेली, नवी यायची होती. भीती आधीच मुरलेली होती, तिला चेहरा मिळायचा बाकी होता.

1692 च्या हिवाळ्यात पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी बेट्टी आणि अकरा वर्षांची भाची अबिगेल विल्यम्स विचित्र वागू लागल्या. अंग पिळवटायचं, किंकाळ्या फोडायच्या, कुणीतरी चिमटे काढतंय म्हणायच्या. डॉक्टरने दुष्ट शक्तीचा हात असल्याचं सांगितलं. मग शेजारणीच्या सल्ल्यावरून एक उतारा झाला: राय नावाच्या धान्याच्या पिठात मुलींचं मूत्र कालवून त्याची भाकरी राखेत भाजली आणि कुत्र्याला खाऊ घातली. चेटूक करणारी त्यावरून कळेल, ही समजूत. 29 फेब्रुवारीला तिघींवर वॉरंट निघालं. भीक मागून जगणारी सेरा गुड, आजारी आणि चर्चला न येणारी सेरा ऑसबोर्न, आणि पॅरिस यांच्याच घरातली गुलाम टिटुबा. जिच्या बाजूने बोलायला कुणी उभं राहणार नाही, अशीच प्रत्येक जण निवडली गेली होती.

दोन्ही सेरांनी आरोप नाकारले. टिटुबाने कबुली दिली. काळा कुत्रा, पिवळा पक्षी, काठीवर बसून केलेला प्रवास, आणि एका माणसाजवळची वही, जिच्यात नऊ खुणा होत्या असं ती म्हणाली. या नऊच्या आकड्याने सगळं बदललं. पकडल्या तिघी, मग बाकीचे सहा कोण? गाव एकमेकांकडे त्या नजरेने बघू लागलं. पुढच्या काही महिन्यांत आसपासच्या गावांतून दीडशेहून जास्त लोकांवर आरोप झाले.

मे महिन्यात फिप्स नवी सनद घेऊन आले आणि त्यांनी खास न्यायालय नेमलं. विल्यम स्टॉटन मुख्य न्यायाधीश झाले. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा अन्याय तिच्यावर उभा आहे. फिर्यादी मुलगी सांगायची की अमुक बाईची आकृती रात्री माझ्या उशाशी आली आणि तिने माझा गळा दाबला. ती आकृती बाकी कुणाला दिसत नसे. त्या रात्री ती बाई आपल्या घरी झोपलेली होती, याचे साक्षीदार असले तरी उपयोग नव्हता. देह घरी, आकृती फिरतीवर. असा पुरावा न्यायालयाने मान्य केला, आणि ज्याला खोडून काढायचा काही मार्गच नाही, त्याच्यापुढे आरोपी करणार काय?

रिबेका नर्स यांचं प्रकरण वाचताना माझा आजही जीव तुटतो. एकाहत्तर वर्षांची, आजारपणातून उठलेली, देवभीरू म्हणून मानली गेलेली आजी. तिच्यासाठी 39 शेजाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या, आणि त्या दिवसांत सही करणं म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणं होतं. ज्यूरीने तिला निर्दोष ठरवलं. निकाल ऐकताच फिर्यादी मुलींनी आकांत मांडला. स्टॉटन यांनी ज्यूरीला तिच्या एका वाक्यावर पुन्हा विचार करायला सांगितलं. त्या वाक्याचा अर्थ तिला विचारला गेला, ती गप्प राहिली. कमी ऐकू येत असल्याने तिला प्रश्न कळलाच नव्हता. ज्यूरीने निकाल फिरवला आणि 19 जुलैला आणखी चौघींबरोबर तिला फाशी दिली.

सेरा गुडची मुलगी डोरोथी चार-पाच वर्षांची होती. तिलाही साखळदंडांत ठेवलं. आईला फाशी झाली, तुरुंगातलं तान्हं भावंड गेलं. पुढे 1710 मध्ये नुकसानभरपाई मागताना बापाने लिहून दिलं की पोर तेव्हापासून भानावर अशी आलीच नाही.

एकूण एकोणीस जणांना फाशी झाली, चौदा बायका आणि पाच पुरुष. कुणालाही जाळलं नाही. इंग्रजी कायद्यात चेटकाची शिक्षा फाशी होती. जाइल्स कोरी या ऐंशीच्या घरातल्या शेतकऱ्याने खटल्याला सामोरं जायचंच नाकारलं, तर अंगावर दगड रचून त्याला चिरडून मारलं. किमान पाच जण कोठडीत मेले. आणि कबुली देऊन ती कायम ठेवणाऱ्या एकालाही फाशी झाली नाही. हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. ‘हो, मी चेटकीण आहे’ म्हटलं की जीव वाचत होता, हे या माणसांना दिसत होतं. देवासमोर खोटं बोलायला ती तयार झाली नाहीत, म्हणून मेली.

आरोप मोठ्या घरांपर्यंत पोचले, धर्मगुरूंनीही शंका काढल्या. इन्क्रीस मेदर यांनी ऑक्टोबरमध्ये लिहिलं की एका निरपराध्याला शिक्षा होण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे. त्याच महिन्यात न्यायालय संपलं. 1697 मध्ये न्यायाधीश सॅम्युअल सिवॉल यांनी चर्चमध्ये उभं राहून दोष पत्करला, 1706 मध्ये मुख्य फिर्यादींपैकी अॅन पटनम हिने माफी मागितली, 1711 मध्ये बऱ्याच जणांचे कलंक पुसून वारसांना पैसे मिळाले. सेलम व्हिलेजने 1752 मध्ये नावच बदलून डॅन्व्हर्स केलं.

सेलम शहराने तर दुसरीच ओळख कमावली होती. अठराव्या शतकाच्या शेवटी इथली जहाजं कँटन, सुमात्रा, कोलकाता आणि मुंबईपर्यंत जात. मुंबईत त्यांचं काम पाहणारे पारशी व्यापारी नसरवानजी माणेकजी वाडिया यांचं तैलचित्र आजही सेलमच्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयाच्या संग्रहात आहे. शहराचं ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ साधारण असा: समृद्ध इंडीजच्या, म्हणजे भारत आणि त्याच्या पूर्वेकडच्या देशांच्या, अगदी टोकाच्या बंदरापर्यंत. त्याच शहराच्या पोलिसांच्या बिल्ल्यावर मात्र झाडूवर बसलेली चेटकीण आहे.

ही चेटकीण आली व्यापारातून. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला डॅनियल लो या सराफाने चांदीचा आठवणीचा चमचा विकायला काढला: दांड्यावर चेटकीण, ‘सेलम’ ही अक्षरं आणि तीन टाचण्या. चमचा तुफान खपला. बंदराचं वैभव ओसरलं होतं, 1914 च्या आगीत तेराशेहून जास्त इमारती गेल्या, 1953 मध्ये मोठी कापड गिरणी बंद पडली. 1970 मध्ये चेटकिणीवरच्या एका लोकप्रिय विनोदी मालिकेचं चित्रीकरण इथे झालं आणि पर्यटकांची पावलं वळली. 1982 मध्ये ‘हाँटेड हॅपनिंग्ज’ नावाचा उत्सव सुरू झाला, तेव्हा तो एकाच शनिवार-रविवारचा होता. आता महिनाभर चालतो. पोटासाठी शहराने हे केलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ज्यांना चेटकीण नसताना चेटकीण ठरवून मारलं, त्यांच्याच नावाने चेटकिणीची बाहुली विकली जावी, हे मनाला टोचतं.

त्या गर्दीत कुणी जात असेल तर चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीला लागून असलेलं स्मारक बघा. 5 ऑगस्ट 1992 रोजी नाझी छळछावणीतून वाचलेले लेखक एली विझेल यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. दगडी भिंतीतून वीस ओबडधोबड बाकं बाहेर आलेली, प्रत्येकावर एक नाव, मरण कसं आलं ते आणि तारीख. आत शिरताना उंबऱ्याच्या फरशीकडे लक्ष द्या. मृतांचेच शब्द तिथे कोरले आहेत, मी निर्दोष आहे असं सांगणारे, आणि वाक्य अर्ध्यावर असताना भिंत येते. पुढचे शब्द भिंतीखाली जातात. फाशी दिली ती जागा, प्रॉक्टर्स लेज, गावाच्या दुसऱ्या टोकाला एका औषधाच्या दुकानामागे आहे. ती 2016 मध्ये निश्चित झाली आणि 19 जुलै 2017 ला, रिबेका नर्सच्या फाशीला 325 वर्षं झाली त्या दिवशी, तिथे छोटं स्मारक उभं राहिलं. तिचं घर डॅन्व्हर्समध्ये अजून आहे.

ऑक्टोबरअखेरीची दुसरी तारीख 2001 मधली. ब्रिजेट बिशप, सुझॅना मार्टिन, अॅलिस पार्कर, विल्मट रेड आणि मार्गारेट स्कॉट या फाशी गेलेल्या पाच जणींची नावं तोवरच्या कुठल्याच कायद्यात स्पष्ट आली नव्हती. त्यांना निर्दोष ठरवणाऱ्या कायद्यावर प्रभारी गव्हर्नरची सही झाली 31 ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशीच.

तरीही एक नाव राहिलं होतं. एलिझाबेथ जॉन्सन, वय बावीस, दोषी ठरली, शिक्षा सुनावली गेली, पण फाशी टळली. ती अविवाहित राहिली, मूलबाळ नाही, म्हणून तिच्यासाठी अर्ज करायला वारसही कुणी नव्हता. नॉर्थ अँडोव्हरच्या एका शाळेतल्या आठवीच्या मुलांनी तिचं प्रकरण हाती घेतलं आणि 2022 च्या जुलैमध्ये राज्याने तिचा कलंक पुसला, शिक्षेनंतर 329 वर्षांनी.