चित्र काढताना आणि आवाज मुद्रित करताना हात कुठे असावा?

न काढलेल्या रेघा चित्रात उमटतात किंवा मुद्रित केलेला आवाज दबका येतो, अशी तक्रार घेऊन आमच्याकडे आणलेल्या टॅबलेटमध्ये पुष्कळदा बिघाड नसतोच. हात कुठे टेकला होता, एवढेच पाहावे लागते. त्यामुळे उपकरण दुरुस्तीला देण्यापूर्वी ग्राहकांनी हे पत्रक वाचावे, अशी विनंती आहे.

हल्लीचे बहुतेक टचस्क्रीन बोटाचा दाब नव्हे, तर बोट टेकल्यावर विद्युतभारात होणारा सूक्ष्म बदल ओळखतात. म्हणूनच साध्या बॉलपेनने रेघ उमटत नाही (ओरखडा मात्र उमटू शकतो) आणि लिहिताना टेकलेला तळहात स्क्रीनला बोटासारखाच वाटू शकतो. उपकरणाशी जोडले जाणारे स्टायलस (स्क्रीनवर लिहिण्याचे पेन) आपल्याकडे असेल, तर चित्रकलेच्या अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये फक्त स्टायलसनेच रेघ उमटावी असा पर्याय असल्यास तो चालू करावा, म्हणजे हात निर्धास्त टेकता येतो. रबरी टोकाचे साधे स्टायलस हे स्क्रीनच्या लेखी बोटच असते; ते वापरताना तळहाताखाली जाड कापडाची घडी ठेवावी.

चित्र पुढे छापायचे असल्यास कॅनव्हासचा आकार आधीच ठरवावा. ए४ कागदावर ३०० डीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) छपाई करण्यासाठी २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. लहान चित्र नंतर ताणले, तर रेघांच्या कडा फुटतात. चित्र जतन करताना पीएनजी हा फाइलचा प्रकार निवडावा, कारण जेपीजी प्रकारात बारीक रेघांभोवती डाग दिसू लागतात.

आवाजाच्या बाबतीतही गफलत हाताचीच होते. मायक्रोफोनचे छिद्र टाचणीच्या टोकाएवढे असते. फोनमध्ये ते बहुधा चार्जिंगच्या खाचेशेजारी असते, टॅबलेटमध्ये मात्र कोणत्याही कडेला असू शकते, आणि उपकरण आडवे धरले की नेमके बोटाखाली येते. ते शोधण्यासाठी मुद्रण चालू करून चारही कडांवरून बोट हळूहळू फिरवावे आणि नंतर ऐकावे. खरखर जेथे सर्वांत मोठी, तेथे मायक्रोफोन. सिम काढण्याची पिन त्या छिद्रात कदापि घालू नये, कारण मग दुरुस्ती खरोखरच करावी लागते.

बोलताना तोंड मायक्रोफोनपासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला असावे. अगदी समोरून बोलल्यास ‘फ’ आणि ‘भ’ उच्चारताना सुटणारी हवा थेट छिद्रावर आदळून फटफट आवाज येतो. मध्येच फोन आल्यास मुद्रण थांबू शकते, म्हणून आधी एअरप्लेन मोड चालू करावा. दीर्घ मुद्रणापूर्वी शिल्लक जागाही पाहावी: सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह (न दाबलेली) फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते, तर १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एएसी, म्हणजे दाबून लहान केलेली, फाइल १ एमबीहूनही कमी. निव्वळ बोलण्यासाठी दुसरी पुरेशी आहे, असे आमचे मत आहे.

चित्र काढता काढता समजावून सांगायचे असेल, तर स्टायलसची टकटक काचेतून आणि चौकटीतून थेट मायक्रोफोनपर्यंत पोहोचते. अशा वेळी वायरचा इअरफोन जोडून त्याच्या मायक्रोफोनमध्ये बोलावे, किंवा निदान टोक आपटू न देता हलकेच टेकवावे.

एवढे करूनही आवाज दबकाच येत असल्यास ते मुद्रण न पुसता उपकरणासोबत आणावे, म्हणजे ते ऐकून आम्हाला दोष लवकर शोधता येईल.