ग्रासकटरची पेट्रोल नळी आणि ‘चालतं’ या शब्दाचा घोळ

गणपती गेले की कोकणात बेणणीला, म्हणजे बागेतलं गवत-झाडोरा कापायला, जोर येतो आणि दुरुस्तीच्या दुकानांपुढे ग्रासकटर ओळीने टेकवलेले दिसू लागतात. तक्रार बहुतेक एकच असते : “सुरू होतंय, पण रेस दिली की बसतंय.” मेकॅनिक टाकीचं झाकण उघडतो, तारेच्या आकड्याने आतला फिल्टर ओढतो. फिल्टर हातात येतो, पण त्यामागून यायला हवी ती नळी येत नाही. ती टाकीच्या भोकापाशीच तुटलेली असते. एखाद्याची नळी वाळक्या काडीसारखी कडक झालेली, तर एखाद्याची फुगून बोटाला चिकटणारी.

नळ्या पूर्वीही जात. ऊन, इंजिनाची धग, थरथर आणि पेट्रोलात मिसळायचं टू-टी ऑइल यांपुढे रबर किती टिकणार? पण आता दोष कोणाचा हे विचारलं की दुकानदार नळीकडे बोट दाखवत नाही, पेट्रोल पंपाच्या दिशेने दाखवतो, म्हणजे पेट्रोलात मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉल या अल्कोहोलकडे. तो कितपत बरोबर आहे हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

ही नळी मुळात चेनसॉकडून, म्हणजे झाडं कापायच्या यंत्रकरवतीकडून आलेली. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा, तरंगत्या फ्लोटचा जुना कार्बोरेटर आडवा केला की इंजिन बंद पडे. दुसऱ्या महायुद्धानंतर पातळ पडद्यावर, म्हणजे डायफ्रॅमवर चालणारे कार्बोरेटर चेनसॉला बसू लागले आणि करवत कशीही धरली तरी चालू लागली. टाकीतलं पेट्रोल मात्र खालच्याच अंगाला जमणार. त्यावर उपाय म्हणून टाकीत मऊ नळी सोडली आणि तिच्या टोकाला वजनदार फिल्टर लावला. मशीन जिकडे कलेल तिकडे तो घरंगळत जातो. दोरीने गवत कापायची कल्पना बरीच नंतरची, १९७१ ची. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये एकाला ती मोटार धुण्याच्या यंत्रातले फिरते ब्रश पाहून सुचली. पहिला प्रयोग त्याने पॉपकॉर्नच्या डब्याला मासेमारीची दोरी ओवून केला. पुढे त्या कल्पनेला पेट्रोलचं इंजिन जोडलं गेलं तेव्हा टाकीतली ही मऊ नळीही सोबत आली.

इथे दुचाकीशी असलेला एक फरक लक्षात ठेवायला हवा. जुन्या मोटरसायकलला टाकी वर, कार्बोरेटर खाली. नळीला चीर गेली तर पेट्रोल बाहेर ठिबकतं, वास येतो, डोळ्यांना दिसतं. ग्रासकटरला टाकी बहुधा कार्बोरेटरच्या खाली असते आणि पेट्रोल खेचलं जातं ते क्रँककेसमधल्या, म्हणजे इंजिनाच्या पिस्टनखालच्या पोकळीतल्या दाबाच्या ठोक्यांवर. ती ओढ फार नाजूक. नळीला केसाएवढी चीर पडली तरी पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. वरून सगळं कोरडं दिसतं. माझ्या मशीनचा कार्बोरेटर मी असाच दोनदा बदलून घेतला होता, आणि चीर होती नळीला, टाकीच्या आतल्या बाजूने.

नळी कशाची बनवायची हा वाद जुनाच. काळं नायट्राइल रबर तेला-पेट्रोलापुढे बऱ्यापैकी टिकतं. पिवळसर पारदर्शक पीव्हीसीची नळी सोयीची, कारण पेट्रोल वर चढतंय की नाही हे दिसतं. पण पीव्हीसी जात्याच कडक. त्याला मऊ करायला जे द्रव्य घालतात ते पेट्रोलात हळूहळू निघून जातं आणि मागे मूळचा कडकपणा उरतो. फ्लोरो-रबर १९५० च्या दशकात आलं. ते दोन्हींपेक्षा टिकाऊ, आणि दोन्हींपेक्षा महाग. २००८ साली अमेरिकेत लहान इंजिनांसाठी नियम झाला तो नळी तुटण्याबद्दल नव्हता, तिच्या भिंतीतून झिरपणाऱ्या वाफेबद्दल होता : एका चौरस मीटरला दिवसाला १५ ग्रॅमच्या वर नाही. चांगल्या नळ्यांना त्याने चालना मिळाली. आपल्याकडे दुकानात गुंडाळीवर मिळणाऱ्या नळीवर असलं काही छापलेलं नसतं.

कोकणात बागा बेणायचं काम पूर्वी कोयत्याने होई. माणसं मिळेनाशी झाली, मजुरी वाढली, आणि २०१४-१५ पासून यांत्रिकीकरणाच्या योजनेतून अवजारांना अनुदान मिळू लागलं. आंबा-काजूच्या बागायतदारांकडे ग्रासकटर घरटी दिसू लागले ते याच काळात. भाताच्या कापणीलाही काहींनी त्यालाच पातं लावलं. आज दुकानात येणाऱ्या कितीतरी मशिनी त्या पहिल्या भरतीतल्या आहेत. पुढची गोष्ट कळायला ही तारीख ध्यानात ठेवावी.

इथेनॉलची सुरुवात आपल्या दारातच झाली. २००१ साली पेट्रोलात इथेनॉल मिसळायचे प्राथमिक प्रयोग तीन ठिकाणी झाले, त्यांतली दोन महाराष्ट्रात : मिरज आणि मनमाड. तिसरं उत्तर प्रदेशात. २००३ च्या जानेवारीत नऊ राज्यांत आणि चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण सुरू झालं. लगेच ऊस कमी पडला, मळी कमी पडली, सक्ती ढिली झाली. २००६ मध्ये पुन्हा जोर लावला गेला, तरी २०१३-१४ पर्यंत देशभरातलं सरासरी मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं. म्हणजे अनुदानातल्या पहिल्या मशिनी आल्या तेव्हा कागदावर काहीही असलं, तरी टाकीत जवळपास निव्वळ पेट्रोलच पडत होतं.

मग वेग आला. इथेनॉलला ठरवून दिलेला भाव मिळू लागला. २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत २० टक्क्यांचं लक्ष्य होतं. २०२१ च्या जूनमध्ये ते पाच वर्षं अलीकडे, २०२५-२६ वर ओढलं गेलं. २०२२ च्या जूनमध्ये १० टक्के गाठले, तेही मुदतीच्या पाच महिने आधी. २०२३ च्या फेब्रुवारीत ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, निवडक पंपांवर आलं आणि २०२५ मध्ये देशभर तेच सर्रास झालं. दीड टक्क्यापासून विशीपर्यंत बारा वर्षंसुद्धा लागली नाहीत. कारणं खोटी नव्हती. तेलाच्या आयातीचा खर्च मोठा, आणि कारखान्यांना इथेनॉलचे पैसे लवकर मिळाले की उसाची बिलंही लवकर सुटतात. पण घाटावरच्या उसाची सोय बघताना घाटाखालच्या ग्रासकटरचा विचार कोणी केला होता, असं त्या काळातले कागद वाचून वाटत नाही. ती पाच वर्षं हातची राहिली असती तर २०१५ ची मशीन तोवर भंगारात गेली असती आणि हा सगळा लेखच लिहावा लागला नसता.

खरा गुंता मात्र टक्क्यांचा नाही, एका शब्दाचा आहे. गिऱ्हाईक विचारतं, “याला ई-२० चालतं का?” दुकानदार म्हणतो, “चालतं.” या एका ‘चालतं’मध्ये निदान तीन वेगळे अर्थ कोंबलेले आहेत.

पहिला अर्थ, नळी, वायसर, डायफ्रॅम, सुरू करण्याआधी पेट्रोल चढवायला दाबायचा फुगा यांचं रबर-प्लॅस्टिक त्यात खराब होत नाही. दुसरा, इंजिन त्या मिश्रणासाठी जुळवलेलं आहे. तिसरा, बिघाड झाला तर कंपनी वॉरंटी नाकारणार नाही. वाहनांच्या बाबतीत पहिल्या दोन अर्थांना अधिकृत कागदांतही वेगवेगळ्या तारखा होत्या : २०२३ च्या एप्रिलपासून ई-२० ला टिकेल अशा साहित्याची वाहनं, आणि ई-२० साठीच जुळवलेली इंजिनं २०२५ च्या एप्रिलपासून. मधली दोन वर्षं रस्त्यावर आलेल्या गाड्यांची रबरं विशीची, पण जुळवणी दहाची. बोलताना दोन्हींना ‘चालतं’ असंच म्हटलं गेलं.

ग्रासकटरमध्ये हे दोन अर्थ एकमेकांपासून आणखी दूर जातात. एक भाग निव्वळ पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला साधारण ९. विशीच्या मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. नव्या गाडीतला संगणक हे ओळखून इंधन वाढवतो. ग्रासकटरच्या कार्बोरेटरला मिश्रण जुळवायला दोन स्क्रू, आणि तेही बऱ्याचदा टोपी लावून बंद केलेले. इंधन तेवढंच राहतं, हवा जास्त ठरते, इंजिन तापतं. टू-स्ट्रोकमध्ये वंगणही पेट्रोलातूनच जातं, म्हणून ते तापणं थेट पिस्टनला भोवतं. मिश्रण स्वतः जुळवून घेणारा कार्बोरेटर असलेल्या काही मशिनींच्या पुस्तिकांत २५ टक्क्यांपर्यंत परवानगी दिसते, आणि त्याच कंपनीच्या स्क्रूवाल्या मशिनींना १० ची मर्यादा. मुद्दा इथे जुळवणीचा आहे, नळीचा नाही. उलट नळी बदलून ‘आता ई-२० चालेल’ असं सांगणारा मेकॅनिक पहिल्या अर्थाने खरं बोलतो आणि दुसऱ्या अर्थाने गिऱ्हाइकाला फसवतो. बहुतेकदा त्याच्या मनातही फसवायचं नसतं.

रबराचीही एक गंमत आहे. इथेनॉल वाढेल तसं नुकसान त्याच प्रमाणात वाढत जाईल असं वाटतं. पण साधं नायट्राइल निव्वळ पेट्रोलात किंवा निव्वळ इथेनॉलात फुगतं त्याहून दोन्हींच्या मिश्रणात जास्त फुगतं. पाण्याचंही असंच. इथेनॉल पाणी ओढतं. एका मर्यादेपुढे पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होऊन तळाशी बसतात, वजनदार फिल्टरही नेमका तिथेच असतो, आणि त्या थरात टू-टी ऑइल जवळजवळ नसतं. पण दहाच्या मिश्रणापेक्षा विशीचं मिश्रण वेगळं होण्याआधी जास्त पाणी पोटात घेतं. त्यामुळे ‘ई-२० आलं आणि टाकीत पाणी सुटायला लागलं’ ही तक्रार ऐकताना मी जरा हात राखून विश्वास ठेवतो. टाकीचं झाकण नीट बसत नसणं आणि कोकणातला पावसाळा, हे इथेनॉलच्या आधीपासूनचे आहेत.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ई-२० वरून वाद फार पेटला तेव्हा अधिकृत खुलासा आला : काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागतील, खर्च थोडा, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जाईल. गाडीपुरतं ते पटण्यासारखं आहे. ग्रासकटरला किलोमीटर कुठून आणायचे? त्याचं नेहमीचं सर्व्हिसिंग म्हणजे बंद पडल्यावर दुकानात नेणं. प्रकरण न्यायालयातही गेलं, इथेनॉल नसलेलं पेट्रोलही मिळावं अशी मागणी झाली, ती सप्टेंबरमध्ये फेटाळली गेली. अमेरिकेत १५ टक्क्यांच्या मिश्रणाला परवानगी दिली तेव्हा ती २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींपुरती ठेवली आणि लहान इंजिनांच्या अवजारांत हे घालू नका अशी पाटी पंपावरच लावायला लावली. तिथे शेजारच्या पंपावर दहाचं मिळतं, म्हणून पाटीला अर्थ आहे. आपल्याकडे पाटी लावली तरी ती वाचून जायचं कुठे?

दुकानांनी त्यातून आपापला मार्ग काढला आहे. पूर्वी दुचाकीच्या नळीचा तुकडा कापून भागवत. आता दोन-अडीच ते तीन मिलिमीटर भोकाच्या नळ्या वेगळ्या ठेवतात, कारण टाकीत जाणाऱ्या नळ्या दोन असतात : एक फिल्टरवरून कार्बोरेटरला, दुसरी फुग्याकडून परत टाकीत. त्यांची अदलाबदल झाली तर फुगा कितीही दाबा, नुसते बुडबुडे निघतात. नळी टाकीच्या भोकापेक्षा किंचित जाड घेऊन, टोक तिरकं कापून, पकडीने ओढून बसवावी लागते. सैल बसली तर नवी असूनही हवा घेते. फिल्टर टाकीच्या चारी कोपऱ्यांत पोचेल एवढी लांबी हवी, हे सांगणारा मेकॅनिक भेटला तर तो सोडू नये.

बॅटरीवरचे ग्रासकटर आले आहेत. कॅलिफोर्नियात तर २०२४ पासून नव्या लहान पेट्रोल इंजिनांवर जवळपास बंदीच आहे. पण उतारावरच्या काजूच्या बागेत दिवसभर बेणायचं तर बॅटऱ्या बदलत बसायला लागतं, म्हणून पेट्रोलचा कॅन अजून बागेत जातोच.

हंगाम संपताना काय करायचं यावर मात्र दुकानागणिक मत वेगळं. एक गट म्हणतो टाकी रिकामी करा, इंजिन आपसूक बंद पडेपर्यंत चालवा आणि मगच मशीन खुंटीला लावा. दुसरा म्हणतो पूर्ण सुकवलं की नळी आकसते, डायफ्रॅम कडक होतो, त्यापेक्षा थोडं ताजं मिश्रण आत राहू द्या. माझी मशीन गेली दोन वर्षं रिकामी करून ठेवतो. नळी ठीक आहे, डायफ्रॅम यंदा बदलला.