बर्फावरचा वचक

9 ऑगस्ट 1988 रोजी एडमंटन ऑइलर्स या कॅनडातील आइस हॉकी संघाने वेन ग्रेट्झ्की या आपल्या खेळाडूला लॉस एंजेलिस किंग्ज या अमेरिकी संघाकडे सोपवले, तेव्हा कॅनडाभर हळहळ व्यक्त झाली. एका मोसमात 92 गोल आणि दुसऱ्या एका मोसमात गोल व साहाय्य मिळून 215 गुण, असे विक्रम नावावर असलेला हा खेळाडू लॉस एंजेलिसला एकटा गेला नाही. मार्टी मॅक्सॉर्ली यालाही सोबत पाठवावे, असा त्याचा आग्रह होता आणि तो मान्य झाला. मॅक्सॉर्ली काही गोलांसाठी प्रसिद्ध नव्हता. ग्रेट्झ्कीला कोणी आडदांडपणे धडक दिली, तर धडक देणाऱ्याला त्याचा हिशेब मॅक्सॉर्लीच्या मुठींना द्यावा लागेल, ही धास्ती प्रतिस्पर्ध्यांच्या मनात जागी ठेवणे हे त्याचे काम होते. त्याच्याआधी एडमंटनमध्ये हेच काम डेव्ह सेमेन्को करीत असे. उत्तर अमेरिकेच्या आइस हॉकीत अशा खेळाडूला ‘एन्फोर्सर’ म्हणतात. नियमपुस्तिकेत असे स्थान कोठेही नाही, तरीही अनेक दशके जवळजवळ प्रत्येक संघात असा एक तरी गडी असे.

आपल्याकडच्या मैदानी हॉकीत हाणामारी केली, तर पंच कार्ड दाखवून खेळाडूला बाहेर काढतात. 1917 साली स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगने, म्हणजे एनएचएलने, 1922 मध्ये वेगळा मार्ग धरला. मुष्टियुद्धाला बंदी न घालता तिने त्याची किंमत ठरवून दिली, ती म्हणजे पाच मिनिटे शिक्षेच्या बाकावर बसणे. त्यातही मेख अशी की, दोन्ही संघांचा एकेक गडी एकाच वेळी बसला, तर दोघांच्याही जागी बदली खेळाडू येतात आणि बर्फावरचे संख्याबळ जसेच्या तसे राहते. म्हणजे ज्याचा गोल करण्याशी फारसा संबंध नाही अशा गड्याने प्रतिस्पर्ध्याच्या तशाच गड्याशी दोन हात केले, तर त्याच्या संघाचे काहीच बिघडत नाही. एन्फोर्सरचा जन्म या तरतुदीत आहे, असे मला वाटते. ऑलिम्पिक आणि इतर आंतरराष्ट्रीय सामन्यांत मारामारी करणाऱ्याला सामन्यातूनच बाहेर काढले जाते, आणि तेथे ही जमात कधी रुजलीच नाही.

बर्फावरची मारामारी भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही वेगळी असते. जमिनीवर उभा असलेला मुष्टियोद्धा ठोशाचे बळ पायांतून घेतो. तो जमिनीला मागे रेटतो आणि घर्षणामुळे जमीन त्याला पुढे रेटते. स्केटचे पाते मात्र आपल्या लांबीच्या दिशेने बर्फावरून जवळजवळ विनाघर्षण घसरते, त्यामुळे नुसता ठोसा मारला, तर न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार मारणाराच मागे सरकण्याची शक्यता असते. म्हणून हे खेळाडू हातमोजे फेकून देतात, एका हाताने समोरच्याची जर्सी घट्ट पकडतात, त्याला आपल्याकडे ओढतात आणि दुसऱ्या हाताने मारतात. ओढीचा वेग आणि ठोशाचा वेग यांची बेरीज होते आणि आधारासाठी बर्फाची फारशी गरज उरत नाही. बफेलो सेबर्सच्या रॉब रे याने हे इतके नेमके ओळखले होते की, भांडण सुरू होताच तो आपली जर्सी अंगातून काढून टाकत असे, कारण मग समोरच्याला धरायला काही उरतच नसे. अखेर जर्सी पट्ट्याने विजारीला बांधलेली असलीच पाहिजे, अशी सक्ती लीगला करावी लागली. या झटापटीत ठोशाइतकाच, किंबहुना त्याहून मोठा, धोका पडण्याचा असतो. हेल्मेट निघालेले डोके सहा फुटांवरून कठीण बर्फावर आदळते, तेव्हा ते वाचवायला हात मोकळे नसतात. 2009 च्या जानेवारीत ओंटारियोतील एका 21 वर्षांच्या हौशी खेळाडूचा असाच मृत्यू झाला. पुढे 2013-14 च्या मोसमापासून एनएचएलमध्ये मारामारीपूर्वी स्वतःचे हेल्मेट काढणाऱ्यास दोन मिनिटांची जादा शिक्षा लागू झाली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या गड्याचा संघाला खरोखर उपयोग होता का? त्याचे समर्थक सांगतात की, पंचांची नजर सगळीकडे पोहोचत नाही, खेळ अतिवेगवान आहे, प्रत्येकाच्या हाती काठी आणि पायात धारदार पाती आहेत, म्हणून वचक बसवणारा कोणीतरी हवाच, नाहीतर निष्णात खेळाडूंचे हातपाय मोडतील. या युक्तिवादाच्या पुष्ट्यर्थ 1970 च्या दशकातील फिलाडेल्फिया फ्लायर्सचे उदाहरण नेहमी दिले जाते. 1974-75 च्या मोसमात त्यांच्या डेव्ह शुल्ट्झने एकूण 472 मिनिटांची शिक्षा ओढवून घेतली. 60 मिनिटांचा एक सामना धरला, तर हे जवळजवळ आठ पूर्ण सामने होतात, आणि तो विक्रम आजही मोडलेला नाही. याच संघाने 1974 आणि 1975 असे लागोपाठ दोनदा स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचा विजेतेपदाचा चषक, जिंकला. परंतु त्याच संघात बर्नी पॅरेंट हा त्या काळचा सर्वोत्तम गोलरक्षक होता आणि बॉबी क्लार्कसारखा असामान्य खेळाडू कर्णधार होता, हे सांगायचे राहून जाते. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही, हा विज्ञानातला पहिला धडा प्रेक्षागारात सहज विसरला जातो.

हे तपासण्याचा एक नीटस प्रयत्न ओहायो स्टेट विद्यापीठातील मायकेल बेट्झ यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी 2010 ते 2019 या काळातील एनएचएलच्या नियमित मोसमांमधील शिक्षांच्या नोंदी तपासल्या. मारामारीने वचक बसत असेल, तर मारामारी करणाऱ्या संघांच्या वाट्याला काठीने मारणे, मागून ढकलून देणे यांसारखे हिंसक अपराध कमी यायला हवेत. तसे काही आढळले नाही. उलट, जे संघ आणि जे खेळाडू जास्त मारामाऱ्या करतात, तेच इतर हिंसक अपराधांतही आपल्या वाट्यापेक्षा अधिक पुढे असल्याचे दिसले. मॅक्सॉर्लीचेच पाहा. फेब्रुवारी 2000 मध्ये व्हँकूव्हरच्या सामन्याला अवघी काही सेकंद उरली असताना त्याने डोनाल्ड ब्रॅशिअर या प्रतिस्पर्धी एन्फोर्सरच्या डोक्यावर काठी हाणली. त्याच सामन्यात आधी या दोघांची रीतसर मारामारी झालेली होती, म्हणजे प्रचलित समजुतीप्रमाणे हिशेब तेथेच मिटायला हवा होता. पुढे न्यायालयाने त्याला शस्त्राने हल्ला केल्याबद्दल दोषी ठरवले आणि तो एनएचएलमध्ये पुन्हा कधी खेळला नाही.

वचक ही कल्पनाच खोटी आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पिगटेल मकाक या माकडांच्या कळपात काही मोजके बलवान नर इतरांच्या भांडणात पडून ती थांबवतात. जेसिका फ्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका संशोधन केंद्रात अशा नरांना ठरावीक दिवशी कळपापासून काही तास बाजूला ठेवून पाहिले. 2006 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, पोलिसी करणारे हे नर नसताना कळपातली भांडणे वाढली, एवढेच नव्हे तर एकमेकांचे केस विंचरणे आणि खेळणे यांचा व्यापही आक्रसला. मग येथे जे साधते ते हॉकीत का साधू नये? फरक असा की, ते माकड कोणा एका बाजूचे नसते, आणि त्याचे वर्चस्व इतरांनी आधीच मान्य केलेले असल्यामुळे त्याला बहुधा अंगाला हातही लावावा लागत नाही. एन्फोर्सर हा एका पक्षाचा चाकर असतो. त्याला फौजदार म्हणण्याचा प्रघात असला, तरी पाळलेला पहिलवान हे वर्णन त्याला अधिक शोभते, आणि समोरच्यानेही एक पहिलवान पाळला की वचक संपतो आणि नुसती कुस्ती उरते.

दोघांनीही पहिलवान पाळण्याच्या या कोंडीचे उत्तम विश्लेषण हॉकीवरूनच सुचलेले आहे. सप्टेंबर 1969 मध्ये ओटावा येथील एका सराव सामन्यात बोस्टनच्या टेड ग्रीनची काठ्यांच्या मारामारीत कवटी फुटली. त्या काळी बहुतेक खेळाडू हेल्मेट घालत नसत, आणि हे पाहूनही ते घालू लागले नाहीत. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने 1973 मध्ये यावर निबंध लिहिला. हेल्मेटमुळे दृष्टी आणि चपळाई थोडी कमी होते, भित्रेपणाचा शिक्का बसतो, त्यामुळे एकट्याने ते घालण्यात तोटा आहे. सर्वांनी घातले, तर मात्र सर्वांचा फायदा आहे. खासगीत सक्तीला अनुकूल असणारा खेळाडू म्हणूनच स्वतःहून हेल्मेट घालत नाही. 1979 मध्ये एनएचएलने नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचे केले आणि प्रश्न सुटला. शेलिंग यांना 2005 मध्ये नोबेल मिळाले. एन्फोर्सरचे गणित याच साच्यातले आहे. तुमच्याकडे आहे म्हणून मला हवा, आणि माझ्याकडे आहे म्हणून तुम्हाला सोडता येत नाही. प्रत्येक संघाला त्याची किंमत खरी वाटते, पण ती किंमत मुख्यतः दुसऱ्या संघातल्या त्याच्याच प्रतिबिंबामुळे तयार झालेली असते.

ही किंमत पैशांत किती होती, ते डेरेक बूगार्डच्या उदाहरणावरून समजते. सुमारे दोन मीटर उंचीच्या या एन्फोर्सरने तोवर 255 सामन्यांत फक्त दोन गोल केले होते, आणि तरीही 2010 मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याच्याशी चार वर्षांसाठी सुमारे 65 लाख डॉलरचा करार केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील एका मारामारीत त्याच्या मेंदूला हादरा बसला आणि तो पुन्हा खेळला नाही. मे 2011 मध्ये दारू आणि वेदनाशामक औषधे यांच्या अपघाती अतिसेवनाने वयाच्या 28 व्या वर्षी तो गेला. बोस्टन विद्यापीठात त्याच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हा त्यात क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे सीटीई, हा विकार आढळला. 45 व्या वर्षी हृदयविकाराने गेलेल्या बॉब प्रोबर्ट या एन्फोर्सरच्या मेंदूतही तो आढळला होता.

कवटीत मेंदू द्रवात तरंगत असतो, आणि डोक्याला तिरका फटका बसला की तो गर्रकन फिरतो. अशा वेळी त्याच्या लांब चेतातंतूंना ताण आणि पीळ बसतो. तंतूंच्या आतील सूक्ष्म नळ्यांना स्थिर ठेवणारे टाऊ नावाचे प्रथिन त्यामुळे सुटे होते आणि त्याच्या गुठळ्या होऊ लागतात. सीटीईमध्ये या गुठळ्या मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती जमलेल्या दिसतात. त्याचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच करता येते, आणि ते किती नाजूक काम आहे हे टॉड ईवन या माजी एन्फोर्सरच्या बाबतीत दिसून आले. 2015 मध्ये त्याने आत्महत्या केली. पहिल्या तपासणीत विकार नसल्याचा निष्कर्ष निघाला, परंतु 2018 मध्ये बोस्टनला पुन्हा झालेल्या तपासणीत तो असल्याचे स्पष्ट झाले.

अशा दुःखद कहाण्यांवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढणे धोक्याचे असते, म्हणून कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केलेली तुलना महत्त्वाची आहे. 1967 ते 2022 या काळातील 6,039 खेळाडूंमधून त्यांनी 50 किंवा अधिक मारामाऱ्या केलेले 331 जण वेगळे काढले आणि प्रत्येकाच्या जोडीला तशाच शरीरयष्टीचा, त्याच काळातला खेळाडू धरला. दोन्ही गटांतील मृत्यूंच्या संख्येत लक्षणीय फरक नव्हता. एन्फोर्सर मात्र सरासरीने दहा वर्षे आधी, म्हणजे 57.5 ऐवजी 47.5 व्या वर्षी, मरण पावले होते, आणि त्यांच्या मृत्यूंमागे आत्महत्या, अमली द्रव्यांचे अतिसेवन व वाहन अपघात ही कारणे ठळक होती. सगळे खापर ठोशांवर फोडता येत नाही, हेही खरे. 2024 च्या अखेरीस बोस्टनच्या गटाने 77 दिवंगत हॉकीपटूंच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील 42 मेंदूंमध्ये सीटीई आढळला, आणि खेळलेल्या प्रत्येक वर्षागणिक त्याची शक्यता वाढत जाते असे दिसले. ज्यांच्या कुटुंबीयांना शंका येते तेच बहुधा मेंदू दान करतात, त्यामुळे हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येत नाही. पण मेंदूला कडेच्या फळीवर आदळलेल्या धडकेत आणि मुठीत फरक कळत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

एन्फोर्सर हळूहळू नाहीसा झाला, तो या संशोधनामुळे नव्हे. 1992 मध्ये भांडण उकरून काढणाऱ्याला जादा शिक्षा देण्याचा नियम आला, आणि दोन्ही बाजूंचे संख्याबळ समान राहण्याची सोय त्याच्यापुरती संपली. 2005 मध्ये संघांच्या वेतनखर्चावर मर्यादा आली आणि त्याच सुमारास अडवाअडवीचे नियम कडक झाल्यामुळे खेळ अधिक वेगवान झाला. सामन्याला गोलरक्षक सोडून फक्त 18 खेळाडू उतरवता येतात, त्यांतला एक जण जेमतेम पाच मिनिटे खेळून बाकीचा वेळ बाकावर बसणार असेल, तर तो परवडेनासा झाला. 2008-09 च्या मोसमात सातशेहून अधिक मारामाऱ्या झाल्या होत्या. दहा वर्षांनी, सामने वाढूनही, हा आकडा सव्वादोनशेच्या आसपास आला.

हाणामारी मात्र पुरती संपलेली नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये एनएचएलने भरवलेल्या चार देशांच्या स्पर्धेत माँट्रियल येथे अमेरिका आणि कॅनडा यांच्यातील सामना सुरू झाल्यावर पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. एनएचएलचे नियम लागू असल्यामुळे सहाही जण पाच मिनिटांनी परत खेळायला आले. त्यांतला एकही जण जुन्या अर्थाने एन्फोर्सर नव्हता, सगळे आपापल्या संघांचे भरवशाचे खेळाडू होते. पाचच दिवसांनी बोस्टनमध्ये हेच दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले, तेव्हा विजेतेपद पणाला लागले होते आणि पाच मिनिटे बाकावर घालवणे कोणालाच परवडणारे नव्हते. त्या सामन्यात एकदाही मारामारी झाली नाही.