एकच रेघ, तरीही डोहाळे

पाळी आठ दिवस लांबलेली. छाती दुखतेय, पोट फुगलंय, सकाळी फोडणीचा वास नको होतो. ड्रॉपरने गर्भचाचणीच्या किटवर लघवीचे तीन थेंब टाकले, पाच मिनिटं नजर हलली नाही. ‘सी’समोर गुलाबी रेघ, ‘टी’समोर कोरं, म्हणजे दिवस नाहीत. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, “मनाचे खेळ आहेत तुझ्या.” हे वाक्य फार अन्यायाचं आहे, आणि बहुतेक वेळा चुकीचंही.

किट शोधतं फक्त एचसीजी. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की, फलनानंतर साधारण ६ ते १२ दिवसांनी, हे संप्रेरक तयार होऊ लागतं. पण छाती हुळहुळणं, पोट फुगणं, शौचाला साफ न होणं, दिवसाही झोप येणं यामागे बऱ्याच अंशी प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक असतं, आणि ते गर्भाची वाट पाहत नाही. स्त्रीबीज बाहेर पडलं की मागे उरलेल्या कोषाचा पिवळसर पिंड होतो. दिवस राहोत न राहोत, तो जवळपास दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन सोडतोच. दिवस राहिले तर एचसीजी या पिंडाला सुकू देत नाही, इतकंच. तापामुळे, दगदगीमुळे स्त्रीबीज उशिरा सुटलं, तर पाळीही तितकीच लांबते आणि ही सगळी लक्षणं नेमकी त्याच दिवसांत येतात.

दुसरं कारण प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं संप्रेरक. ते वाढलं की पाळी थांबते, कधी छातीतून दूधही येतं. थायरॉईड मंदावल्याने ते वाढू शकतं, तसंच मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी आणि पित्ताच्या अनेक कॅप्सूलमध्ये असणाऱ्या डोम्पेरिडोननेही. म्हणून डॉक्टरांना चालू असलेली प्रत्येक गोळी सांगा, पित्ताचीसुद्धा.

मनाचाही वाटा असतो, पण तो खोटेपणा नव्हे. इंग्लंडची राणी पहिली मेरी १५५४च्या शरदात गरोदर मानली गेली. पाळी थांबली होती, पोट वाढलं होतं. एप्रिल १५५५मध्ये ती बाळंतपणासाठी हॅम्प्टन कोर्ट महालात गेली. मुलगा झाल्याची अफवा पसरून लंडनमध्ये घंटाही वाजल्या. उन्हाळाभर वाट पाहिली, पोट ओसरलं, बाळ नव्हतंच. वय ३९, वारसासाठी सारा देश डोळे लावून बसलेला. तिच्या शरीरात नेमकं काय बिघडलं होतं, हे आज तपासता येणार नाही. पण तिने सोंग केलं असं मला कधीच वाटलं नाही.

कधीकधी किटही चुकतं: चाचणी फार लवकर केली, किंवा भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ झाली तर. आठवड्याने पहाटेच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करा. तरी एकच रेघ आली आणि पाळी नाहीच, तर रक्तातलं एचसीजी, टीएसएच (थायरॉईडची चाचणी), प्रोलॅक्टिन आणि गरज पडली तर सोनोग्राफी. पण ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा रक्तस्राव असेल, तर आठवडा थांबू नका. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत रुजलेला असू शकतो, आणि तेव्हा किटवरची रेघ काहीही सांगो, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.