सोनोग्राफीला येताना : पाणी कधी प्यायचं आणि कधी नाही

"मी आधी आले, मग त्यांना आधी कसं घेतलं?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज विचारला जातो. बहुतेक वेळा कारण साधं असतं. त्यांना लघवीचं प्रेशर आलेलं असतं आणि तुम्ही नुकत्याच बाथरूमला जाऊन आलेल्या असता.

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. लांबून प्रवास करून आल्यावर आधी लघवीला जाऊन यायचं, मग चिठ्ठी दाखवायची, ही सवय स्वाभाविक आहे. पण चिठ्ठीवर पोटावरून करायची पेल्व्हिसची, म्हणजे ओटीपोटाची, सोनोग्राफी लिहिलेली असेल, तर तिथून पुढे तासभर बसावं लागतं. मग घाईघाईने बाटलीभर पाणी एका दमात संपवलं, तरी ते मूत्राशयात उतरायला पाऊण तास तरी हवाच.

भरलेल्या मूत्राशयाचा आग्रह आम्ही उगीच धरत नाही. ध्वनिलहरींना हवेतून पुढे जाता येत नाही, आणि गर्भाशयासमोर गॅसने भरलेली आतडी असतात. मूत्राशय भरलं की ती आतडी वर सरकतात आणि पाण्याच्या खिडकीतून गर्भाशय, अंडाशय स्वच्छ दिसतात. ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये पोटातल्या गाठी आणि गर्भ यांची अल्ट्रासाउंड चित्रं प्रसिद्ध केली. भरलेल्या मूत्राशयाचा हा उपयोगही त्यांनीच १९६० च्या दशकात दाखवून दिला. मशीन कितीही नवं आलं तरी ही गरज सुटलेली नाही. अर्धवट भरलेल्या मूत्राशयावर तपासणी उरकून "नीट दिसले नाही" असा रिपोर्ट देण्यापेक्षा आम्ही तुम्हाला थांबवणं पसंत करतो.

तेव्हा दिलेल्या वेळेच्या तासभर आधी लघवीला जाऊन या. मग तीन-चार ग्लास साधं पाणी सावकाश प्या आणि तपासणी होईपर्यंत जाऊ नका. सोडा किंवा थंड पेय नको, त्याने गॅसच वाढतो. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर आधी आम्हाला विचारा. उलट टोकही नको. कळ सोसवत नाही इतकं भरलं तर गर्भाशय दाबलं जातं, आणि गर्भवतीमध्ये वार आहे त्यापेक्षा खाली व गर्भाशयाचं तोंड आहे त्यापेक्षा लांब दिसू शकतं. असं झालं तर निःसंकोच सांगा, थोडी लघवी करून येता येतं.

आतून, म्हणजे योनीमार्गातून, करायच्या सोनोग्राफीचं (टीव्हीएसचं) सगळं उलटं. त्यासाठी मूत्राशय रिकामं हवं, त्यामुळे अगदी आत बोलावल्यावरच जाऊन या. पोटावरचा प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारा यंत्राचा भाग, साधारण ३ ते ५ मेगाहर्ट्झचा असतो, आतला ५ ते ९ चा. हा आकडा लहरींच्या फ्रीक्वेन्सीचा. ती जास्त तितकं चित्र बारीक, पण लहरी खोल जात नाहीत. आतला प्रोब अवयवांच्या अगदी जवळ असल्याने तिथे खोलीची गरजच नसते. म्हणून सुरुवातीचं गरोदरपण, अंडाशयातली छोटी गाठ किंवा गर्भाशयाचं अस्तर पाहायला डॉक्टर टीव्हीएस लिहितात. प्रोब गर्भाशयात जात नाही, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांतही बाळाला धोका नाही. प्रत्येक वेळी नवं कव्हर लावतो, खोलीत आमची महिला सहायक असते आणि तुम्ही "थांबा" म्हटलंत की तपासणी थांबते. रबराची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. शरीरसंबंध आलेला आहे का, हे विचारतो ते चौकशी म्हणून नव्हे. आलेला नसेल तर आम्ही पोटावरूनच तपासतो.

चिठ्ठीवर दोन्ही प्रकार असतील तर भरलेल्या मूत्राशयानेच या. आधी पोटावरून, मग रिकामं करून आतून.

पाळीचा दिवसही लक्षात घ्या. फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूची गाठ) किंवा मोठी गाठ कधीही दिसते. अस्तरातला पॉलिप, म्हणजे छोटा कोंब, पाहायचा असेल तर पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसांत या, तेव्हा अस्तर पातळ असतं. नंतर ते जाड होतं आणि त्यात पॉलिप लपतो. फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे अंडाशयातल्या अंड्याच्या पिशवीची (फॉलिकलची) वाढ पाहण्यासाठी, मात्र ठरवून दिलेला दिवस चुकवू नका. फॉलिकल रोज साधारण १ ते २ मिलिमीटर वाढतं, दोन दिवसांच्या खाड्यात ते फुटून गेलेलं असू शकतं. पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं तर दिवस मोजत बसू नका, लगेच डॉक्टरांना भेटा.

गरोदरपणात साधारण तीन महिन्यांनंतर पाण्याची एवढी काळजी नसते. तिथे आठवडे महत्त्वाचे. एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराचं माप, ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्याच काळात होतो. चौदावा आठवडा पूर्ण झाल्यावर आलात, तर आमची कितीही इच्छा असली तरी ते माप घेता येत नाही. बाळाच्या अवयवांचा सविस्तर स्कॅन १८ ते २२ आठवड्यांत. या दोन्हींना वेळ लागतो, म्हणून नंबर आधीच लावून ठेवा. आणखी एक नेहमीचा प्रश्न, "नंतरच्या रिपोर्टमध्ये डिलिव्हरीची तारीख का बदलली?" ती बदललेली नसते. सुरुवातीच्या स्कॅनने ठरलेली तारीखच धरायची, पुढची मापं बाळाची वाढ सांगतात. म्हणून पहिला रिपोर्ट दर वेळी सोबत आणा.

स्तनाच्या सोनोग्राफीला पाणी, उपास काही नाही. वर-खाली वेगळे कपडे असले की सोयीचं होतं. गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, हे यात चांगलं कळतं. पण कॅल्शियमचे बारीक ठिपके मॅमोग्राफीतच, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेमध्येच, नीट दिसतात, त्यामुळे "सोनोग्राफी केली, मग मॅमोग्राफी कशाला?" असं डॉक्टरांना म्हणू नका.

डॉप्लर (रक्तप्रवाह पाहणारी तपासणी) आणि थ्रीडीसाठी वेगळी तयारी लागत नाही. थ्रीडी आमच्याकडे आहे, गर्भाशयात पडदा आहे का हे पाहायला ते फार उपयोगी पडतं. पण डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर आम्ही सुचवत नाही.

फोन करताना चिठ्ठी हातात ठेवा. अक्षर लागत नसेल तर फोटो पाठवा. पाणी पिऊन यायचं की नाही, तेवढं आम्ही वाचून लगेच कळवतो.