लाइन-पातळी जोडणी (मिक्सरची)

मोबाइल, लॅपटॉप, सीडी प्लेअर, कीबोर्ड, इलेक्ट्रॉनिक तानपुरा यांतून निघणारा तयार संकेत मिक्सरला (अनेक आवाज एकत्र करणाऱ्या ध्वनियंत्राला) देण्याची पद्धत. माइकचा संकेत काही मिलिव्होल्टांचा, तर लाइनचा साधारणतः पाव ते दोन व्होल्टांचा असतो. म्हणून लाइन माइकच्या इनपुटला दिली की प्री-अ‍ॅम्प (माइकचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) भरून आवाज फाटतो.

पातळीचा मापदंड टेलिफोन तंत्रातला आहे. ६०० ओहमच्या भारात १ मिलिवॅट देणारा ०.७७५ व्होल्ट दाब म्हणजे ० डीबीयू (व्होल्ट-पातळीचे डेसिबलमधील माप); हा संदर्भ अमेरिकेत १९३९च्या सुमारास रूढ झाला. व्यावसायिक साधनांची पातळी +४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. यातले +४ कोठून आले याविषयी एकमत नाही. व्हीयू मापकाला (संकेताची पातळी दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरला) मालिकेत ३.६ किलोओहमचा रोध लावावा लागे आणि त्यामुळे त्याची शून्याची खूण +४वर येई, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. घरगुती साधनांची पातळी −१० डीबीव्ही (०.३१६ व्होल्ट) असते. डीबीव्हीचा संदर्भ १ व्होल्ट असल्याने दोहोंतील अंतर १४ नव्हे, ११.८ डीबी भरते. आउटपुटच्या ६०० ओहमला इनपुटचे ६०० ओहम जुळवण्याचा आग्रह आता गैरलागू आहे. मिक्सरचे लाइन इनपुट सहसा १० किलोओहम वा अधिक असते.

जोडताना फेडर (चॅनेलचा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली, गेन (इनपुटची वाढ) किमान व ४८ व्होल्टांचे फँटम (माइकला केबलीतूनच दिली जाणारी वीज) बंद ठेवावे. फँटम एक्सएलआरच्या (माइकच्या तीन पिनांच्या जोडाच्या) २ व ३ क्रमांकांच्या पिनांवर येते आणि साध्या अ‍ॅडॉप्टरने जोडलेल्या साधनाचे आउटपुट जाळू शकते. लहान मिक्सरवर सर्व चॅनेलना मिळून एकच फँटम बटण असते, हे विसरू नये. मोबाइलचा आवाज पाऊण ठेवून, पीएफएल (फेडरपूर्वीचा संकेत ऐकवणारे बटण) दाबून, मीटर शून्याच्या आसपास येईपर्यंत गेन वाढवावा.

मोबाइलची स्टिरिओ पिन एकाच संतुलित (दोन तारांवरील संकेतांचा फरक घेणाऱ्या) इनपुटला देणे ही नेहमीची चूक. तेथे डाव्यातून उजवा वजा होतो. लावणीच्या ट्रॅकमध्ये मधोमध असलेला गायिकेचा आवाज नाहीसा होतो आणि वाद्यांचे अवशेष उरतात. डावा-उजवा दोन चॅनेलना द्यावा. एकच चॅनेल मोकळा असेल तर प्रत्येक बाजूस सुमारे १ किलोओहमचा रोध घालून एकत्र करावा. दोन आउटपुट थेट जोडू नयेत.

सांगली-मिरज भागात गायनाच्या बैठकीला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लाइनवर घेतला, तर हमिंगकडे विशेष लक्ष द्यावे लागते. काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) षड्जाशी १०० हर्ट्झची गुणगुण तीव्र मध्यमाच्या किंचित वर पडते आणि श्रुती बिघडवते. कारण बहुधा दोन ठिकाणांहून आलेले अर्थिंग असते. सर्व साधने विजेच्या एकाच बोर्डावर घ्यावीत. तरी हमिंग राहिल्यास ट्रान्सफॉर्मरयुक्त डीआय बॉक्स (साधन व मिक्सर यांच्यामध्ये लावायची जोडपेटी) वापरावा. लांब केबलीसाठीही तोच योग्य. त्यातून माइक-पातळी निघत असल्याने तो माइक इनपुटलाच द्यावा. अर्थिंगची पिन काढून हमिंग घालवणे ओल्या मंडपात जिवावर बेतते, म्हणून ते कदापि करू नये.