गुरांनी खाल्लेली शाळा आणि पेंढ्याची घरं

अमेरिकेत नेब्रास्काच्या पश्चिमेला, बेयर्ड गावाजवळ एका खोलीची शाळा होती. भिंती गवताच्या गठ्ठ्यांच्या, वर गिलावा नाही. 1902 पर्यंत गुरांनी ती खाऊन टाकली. पेंढ्याच्या घरांची गोष्ट मला इथूनच सांगावीशी वाटते, कारण गठ्ठ्यांनी भिंत उभी राहते, पण ती टिकते गिलाव्यामुळे.

तिथला सँडहिल्स हा टापू म्हणजे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या. घराला लाकूड मिळावं अशी झाडं नाहीत. आसपासच्या प्रांतात लोक गवताच्या मुळांसकट मातीच्या ढेपा कापून भिंती रचत, पण इथली वाळू ढेप धरत नव्हती. 1904 च्या किंकेड कायद्याने 640 एकरांपर्यंत जमीन मिळू लागली आणि माणसं आली. गवत अमाप होतं, घोड्यांनी चालणारी गठ्ठे बांधायची यंत्रंही होती. मग विटांसारखे, वरखालचे सांधे एका रेषेत येणार नाहीत असे गठ्ठेच रचले, छपराचा भार थेट त्यांच्यावर दिला. भाराने भिंत दबून बसली की मगच गिलावा. आर्थर गावातलं 1928 चं चर्च असंच बांधलेलं, राय या धान्याच्या काडाचं, दोन फूट जाड भिंतींचं.

इंधनबचत तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती. गरजेपोटी बांधलेलं घर हिवाळ्यात ऊबदार आणि उन्हाळ्यात गार राहतं, हे राहून कळलं. काडांत अडकलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. खिडकीचा कट्टा तर इतका रुंद की त्यावर मांडी घालून बसावं. खरा शत्रू पाणी. म्हणून पाया उंच, छपराच्या वळचणी लांब आणि गिलावा आतली ओल बाहेर पडू देणारा, चुन्याचा किंवा मातीचा.

फ्रान्समध्ये माँतार्जीला एमिल फ्योयेत या अभियंत्याने 1920 साली लाकडी सांगाड्यात पेंढा भरून घर बांधलं. ते शंभरी ओलांडून अजून उभं आहे.

पुढे सिमेंट आलं आणि ही रीत मागे पडली. 1980 च्या दशकात अमेरिकेच्या नैऋत्य भागात तिला पुन्हा उजाळा मिळाला. 2015 च्या अमेरिकी आदर्श घरबांधणी संहितेत तिचं स्वतंत्र परिशिष्ट आलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पाकिस्तानातलं काम. 2005 च्या भूकंपात तिथे दगडी घरांखाली माणसं गाडली गेली. किल्लारी आठवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. त्यानंतर तिथे हाताने दाबलेल्या गठ्ठ्यांची, कमी खर्चाची घरं उभी राहिली. 2009 मध्ये नेवाडा विद्यापीठाच्या कंपन-मंचावर तसंच एक अख्खं घर जोरजोराने हलवून पाहिलं. ते कोसळलं नाही.